‘ये जो है जिंदगी’ आणि गुरुजींची खिडकी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला गेल्या काही वर्षांत इतक्या जणांनी विचारले, की एकदा उत्तरं नीट लिहून ठेवावीत असं वाटलं. विचारणारे बहुतेक जवळचेच आहेत: भाचेकंपनी, शाळेतले सहकारी, आणि गावातली ती मंडळी जी तेव्हा टीव्ही पाहताना माझ्या शेजारी पोत्यावर बसायची. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, सेलूजवळ. मी १९७५ सालची, म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हा नऊ वर्षांची होते.

कोणत्या मालिकेबद्दल बोलताय?

‘ये जो है जिंदगी’. १९८४ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली आणि शुक्रवारी रात्री लागायची. निर्माते एस. एस. ओबेरॉय. दिग्दर्शन कुंदन शाह, रमण कुमार आणि मंजुल सिन्हा यांचं, लेखन शरद जोशींचं. (या नावाचा प्रश्न पुढे वेगळा घेतला आहे, कारण त्यावरून आमच्याकडे बराच घोळ झाला होता.) शीर्षकगीत किशोर कुमारांनी गायलेलं. ते सुरू झालं की गल्लीतली धावपळ ऐकू यायची. हातात अर्धी भाकर घेऊन धावत आलेली मुलं मी पाहिली आहेत.

मुंबईतलं एक जोडपं, रणजित आणि रेणू. रणजित म्हणजे शफी इनामदार, रेणू म्हणजे स्वरूप संपत. रेणूचा भाऊ राजा बहिणीकडेच राहतो, त्याला नोकरी नाही. ते काम राकेश बेदींचं. फरीदा जलाल, टिकू तलसानिया होते. आणि सतीश शहा होते, दर आठवड्याला निराळ्याच माणसाच्या रूपात. घरात काहीतरी गैरसमज व्हायचा, तो वाढत जायचा, आणि भाग संपेपर्यंत निस्तरला जायचा. एवढंच. एवढ्यावर साठाहून जास्त भाग झाले.

मराठी माणसं असून मराठी मालिका का नाही? ‘चिमणराव’ नव्हतं का?

होतं, पण आमच्यासाठी नव्हतं. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचं ‘चिमणराव’ मुंबई दूरदर्शनवर सत्तरच्या दशकात गाजलं. तेव्हा आमच्या गावात टीव्ही नावाची वस्तू कुणी पाहिलेली नव्हती. टीव्ही आला तेव्हा नागपूरच्या टॉवरवरून आमच्यापर्यंत पोचायचा तो दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम. त्यामुळे आमच्या पिढीचं घराघरातलं पहिलं हसणं हिंदीतलं आहे. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे जरा चमत्कारिक वाटतं. आम्हाला नाही वाटत.

१९८४ मध्ये तुमच्या खेड्यात टीव्ही होता?

एकच होता, आणि तो शेजारच्या गुरुजींचा होता. प्राथमिक शाळेत होते ते. महिन्याच्या महिन्याला पगार येणारं गल्लीतलं ते एकमेव घर. काळा-पांढरा संच, पुढे सरकतं लाकडी दार आणि त्याला छोटं कुलूप. टीव्हीचा परवाना तेव्हा पोस्टातून काढावा लागे, तो गुरुजींनी काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावला होता.

अडचण अशी, की गुरुजींचं घर बैठं. सेमिनरी हिल्सवरचा टॉवर नागपुरात, आणि आम्ही तिथून साठेक किलोमीटरवर. नुसतं छपरावर अँटेना लावून पडद्यावर मुंग्यांशिवाय काही दिसत नव्हतं. आमच्या घराला माडी होती. मग ठरलं, की अँटेना आमच्या माडीवर, उंच बांबूला बांधून, आणि टीव्ही गुरुजींच्या घरात. मधल्या बोळावरून चपटी तार ताणली. करंट त्यांचा, उंची आमची. या भागीदारीमुळे आम्हा भावंडांना पहिल्या रांगेत बसायचा हक्क मिळाला, आणि तो आम्ही कधी सोडला नाही.

शुक्रवारी गुरुजी संच उचलून खिडकीत ठेवायचे, तोंड अंगणाकडे करून. बाया एका बाजूला ओट्यावर, पुरुष बाजेवर नाहीतर बैलबंडीच्या जुवावर टेकून, आणि आम्ही मुलं खाली पोत्यांवर. पोत्यांना सरकीचा वास असायचा. आजही कुठे सरकीचा वास आला की मला आधी खिडकी आठवते.

माडीवर मामा असायचा. बांबू धरून तो वरून ओरडायचा, “दिसून राह्यलं का?” खालून सगळे एका सुरात, “नाई, मुंग्याच हायेत!” मग बांबू करकर वाजायचा. “आता?” “हाव, हाव, आला! आता हालवू नको गा!” कधी कधी हात सोडला की चित्र जायचं. तेव्हा मामा पूर्ण भाग वर बांबू धरून उभा राहायचा आणि नुसता आवाज ऐकून हसायचा.

टीव्ही आला त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली. त्यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी त्याच खिडकीसमोर आजूबाजूच्या तीन गावांतली माणसं उभी होती. आमच्यातल्या कित्येकांनी टीव्ही पहिल्यांदा पाहिला तो त्या दिवशी. नंतरचे काही दिवस अंगण सुनं होतं. मग हळूहळू लोक पुन्हा येऊन बसू लागले.

सतीश शहांचं तुमच्या घरात एवढं कौतुक का?

याला कारण माझी आजी.

पिकं घरात आली की आमच्याकडे बहुरूपी यायचे. काहीजण त्यांना रायरंद म्हणत. मारुतीच्या देवळात मुक्काम टाकायचे आणि रोज नवं सोंग घेऊन गावात फिरायचे. पहिल्या दिवशी हमखास पोलीस. खाकी कपडे, हातात जाडजूड वही, आणि दारात येऊन दरडावणं, की तुमच्या नावाचं वारंट आहे, चला ठाण्यावर. दुसऱ्या दिवशी डॉक्टर. तिसऱ्या दिवशी एखादा चिडका सावकार, नाहीतर शंकर. लहान पोरं खरोखर घाबरायची. मोठी माणसं घाबरल्यासारखं करायची, कारण तो मान द्यावा लागतो. शेवटच्या दिवशी तो कसलंही सोंग न घेता, धुतल्या तोंडानं दारात यायचा. तेव्हा त्याला धान्य द्यायचं. आमच्या घरून पायलीभर ज्वारी ठरलेली होती. (पायली म्हणजे धान्य मोजायचं माप.)

तर आजीनं पहिल्याच महिन्यात ओळखलं, की मागच्या शुक्रवारचा आणि या शुक्रवारचा माणूस एकच आहे. आम्हा मुलांना ते कळलंच नव्हतं. मिशी वेगळी, चाल वेगळी, बोलणं वेगळं. आजी म्हणाली, “डोये पाह्य त्याचे. डोये बदलता येत नाई.” मग ती म्हणाली, “हा तं बहुरूपी हाय.”

त्यानंतर दर शुक्रवारी तिचा एकच प्रश्न असायचा. “आज कोन झाला गा तो?” आम्ही सांगायचो, आज शेजारी झाला, आज पाहुणा झाला. ती मान डोलवायची आणि एखाद्या जाणकारासारखी शेरा द्यायची. “कालच्यापेक्षा हे सोंग बरं वठलं.” सतीश शहांनी या मालिकेत पन्नासहून अधिक वेगवेगळी माणसं उभी केली. या कामाची जाण असलेलं एक माणूस वर्धा जिल्ह्यातल्या एका अंगणात बसून दर आठवड्याला त्यांची परीक्षा घेत होतं आणि बहुतेक वेळा त्यांना पास करत होतं.

फक्त एक गोष्ट तिच्या मनाला लागून राहिली. शेवटच्या दिवसाची. “हा मांगाले कवा येईन? याची पायली द्या लागते नं,” ती म्हणायची. गुरुजींनी तिला समजावलं, की आजीबाई, त्याला त्याचे पैसे मिळतात. तिला ते पटलं नाही. पैसे देणारे दुसरे. हसलो आपण, तर आपलं देणं आपल्यावर.

वऱ्हाडी बोलणाऱ्या माणसांना हिंदी समजायची का?

आमच्याकडे हिंदी परकी नाही. १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. माझ्या वडिलांचं लहानपण त्या राज्यात गेलं. बाजारात, रेल्वेत, कापसाच्या व्यवहारात हिंदी कानावरून जातच असायची. आणि आमची बोली तिच्या जवळची. पुण्याचा माणूस ‘करतो आहे’ म्हणतो, आम्ही ‘करून राह्यलो’ म्हणतो.

म्हणूनच टिकू तलसानियांचं ते त्रासलेलं पालुपद, “ये क्या हो रहा है?”, आमच्या घरात जसंच्या तसं उतरलं: “हे काय होऊन राह्यलं?” हंड्यातलं पाणी सांडलं, बैल दाव्यातून सुटला, रात्री अकरा वाजता पाहुणे आले, की कुणीतरी दोन्ही हात वर करून म्हणायचं, “हे काय होऊन राह्यलं?” आणि निम्मा राग तिथेच उतरायचा. माझ्या भाच्यांना हे वाक्य कुठून आलं ते माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं ते आजोबांचंच आहे.

लेखक शरद जोशी म्हणजे शेतकरी संघटनेचे का?

नाही. दोघं वेगळे. मालिका लिहिणारे शरद जोशी हे हिंदीतले मोठे व्यंगलेखक, उज्जैनचे, जन्म १९३१ चा. ते १९९१ मध्ये गेले. शेतकरी संघटनेचे शरद जोशी साताऱ्यात जन्मलेले, २०१५ मध्ये गेले.

पण ज्या दिवशी गुरुजींनी पडद्यावर आलेलं लेखकाचं नाव मोठ्यानं वाचलं, त्या दिवशी अंगणात कल्लोळ झाला. चाकणच्या कांद्याच्या आंदोलनापासून ते नाव कापूसवाल्यांच्या तोंडी होतं. बाबा उठून उभे राहिले. “जोशी साहेबांनी लिहिलं हे?” मागून कुणीतरी म्हणालं, शेतकऱ्याचा माणूस मुंबईच्या नवरा-बायकोवर कशाला लिहील? दुसरा म्हणाला, पुढे पाहा, कापसाच्या भावाची गोष्ट येईल. आणि खरंच, तीन-चार आठवडे काही मंडळी मालिका या आशेनं पाहत होती, की रणजितच्या घरी एखाद्या भागात कापसाचा विषय निघेल.

गुरुजींनी नागपूरहून चौकशी करून आणली तेव्हा उलगडा झाला. बाबांना वाईट वाटलं का, असं मी नंतर विचारलं होतं. ते म्हणाले, “नाव एक असलं तं काय झालं. दोघाईनं आपल्याले उभं केलं.” पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांच्या खिशावर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला आला आणि तो शेवटपर्यंत होता.

घरात बिनकामाचा मामा होता. त्याला राजाचं पात्र लागत नव्हतं का?

लागलं. पहिल्याच महिन्यात लागलं.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. बी.ए. झालेला, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवलेलं, कॉल येईपर्यंत आमच्याकडे राहायला आलेला. आला तेव्हा पंधरा दिवसांसाठी होता, मालिका सुरू झाली तेव्हा दीड वर्ष झालं होतं. पडद्यावर नवरा बायकोच्या भावावरून कुरकुरतो आहे, भाऊ खुर्चीत आरामात बसला आहे, हे चित्र आलं आणि अंगणातल्या सगळ्या माना आमच्या माडीकडे वळल्या. त्या दिवशी हवा चांगली होती, बांबू धरायची गरज नव्हती, आणि मामा नेमका खाली येऊन बाजेच्या कडेला टेकला होता. कुणी काही बोललं नाही. आई उठली आणि चूल पाहून येते म्हणून घरात गेली. चूल केव्हाच विझलेली होती.

बाबा फार बोलणारे नव्हते. ते पडद्याकडे पाहत म्हणाले, “आपला राजा कामाचा हाय. हा नसता तं त्या राजाचं थोबाड तरी दिसलं असतं काय आपल्याले?”

आधी मामाच हसला. मग सगळे. आई दारात येऊन उभी होती, पदर तोंडाला लावून. त्या दिवसापासून मामाला गावानं राजाच म्हटलं, आणि त्या हाकेत टोमणा नव्हता. तो पुढे सेलूला मोटार रिवाइंडिंग शिकला. पंपाच्या मोटारी भरता भरता स्वतःचं दुकान झालं. पाटीवर नाव दुसरंच आहे, पण आसपासच्या पंचवीस गावांत जळालेली मोटार घेऊन निघालेला माणूस ‘राजामामाकडे’ जातो.

मला अनेकदा वाटतं, की राकेश बेदींनी तो राजा चिडचिडा किंवा आयतोबा केला असता तर आमच्या घरातलं ते शुक्रवारचं बसणं मोडलं असतं. त्यांनी तो निरागस केला. त्याला हसताना त्याची कीव करावी लागत नाही.

तुमचे वडील हसायचे?

हो. पण आवाज नसायचा. हसू येणार असं वाटलं की ते आधी टोपी काढायचे आणि गुडघ्यावर ठेवायचे. मग खांदे हलायचे. शेवटी डोळे पुसून टोपी पुन्हा डोक्यावर. आम्ही मुलं पडद्यापेक्षा जास्त टोपीकडे पाहायचो. टोपी निघाली की समजायचं, आता मोठी गंमत येते आहे. अंधारात पांढरी टोपी चांगली दिसायची.

लाईन गेली तर काय करायचे?

वाट पाहायचे. दहा-पंधरा मिनिटं कुणी हलायचं नाही. मग मास्तरीणबाई, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, कंदील आणायच्या आणि उरलेली गोष्ट अंगणच पूर्ण करायचं. मामा राजा व्हायचा, गुरुजी रणजित. रेणूचं काम करायला कुणी बाई तयार होत नसे, म्हणून ते माझ्याकडे यायचं. सतीश शहांचं काम आजी कुणालाही देत नसे. शनिवारी दुपारच्या एसटीनं गुरुजींचा नागपुरात शिकणारा पुतण्या यायचा आणि खरा शेवट सांगायचा. दोनदा तरी असं झालं, की आमचा शेवट जास्त चांगला ठरला. निदान मास्तरीणबाईंचं मत तसं होतं.

बायकांना काय आवडायचं?

आईला रेणू आवडायची, आणि त्याचं कारण तिनं मला फार उशिरा सांगितलं. “ते नवऱ्याशी वाद घालते, अन् तो आयकते,” एवढंच म्हणाली. भांडण व्हायचं, पण त्यात कुणी हात उचलत नव्हतं, कुणी कुणाचं माहेर काढत नव्हतं, आणि शेवटी दोघं एकत्र चहा पीत होते. आमच्या गल्लीत तेव्हा हे सगळ्या घरांत नव्हतं. ओट्यावरच्या बायका ती भांडणं फार लक्ष देऊन ऐकायच्या.

स्वरूप संपत १९७९ च्या मिस इंडिया. पुढे त्यांनी नाट्याच्या माध्यमातून मुलांना शिकवण्याच्या विषयात डॉक्टरेट केली. मी शिक्षिका झाल्यावर हे वाचलं आणि आईला फोन करून सांगितलं. तिला जराही आश्चर्य वाटलं नाही.

शेतकऱ्याच्या घरात इतक्या अडचणी, आणि विनोदी मालिकेचा आधार कसा वाटतो?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या घरात कुठलाही घोळ फुकट नसायचा. पेरणीच्या वेळी पावसाचा अंदाज चुकला की बियाणं गेलं, दुबार पेरणी. कापूस गाडीवर चढवून नेला आणि ग्रेड खालची लागली की वर्षाचं गणित बिघडलं. चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, लांबला की दुकानदाराची उधारी, पोरांची फी, सगळं पुढे ढकललं जायचं. बाबा चिडके नव्हते, पण सतत मनात हिशेब करणारे होते. जेवताना हात मध्येच थांबायचा, आणि आम्हाला कळायचं की ते ताटाजवळ नाहीत.

रणजित-रेणूच्या घरात मोठमोठे गोंधळ व्हायचे, आणि कुणाचं काही बुडत नव्हतं. चूक झाली, लपवली, उघडी पडली, सगळे ओरडले, मग निस्तरली. अर्ध्या तासात. किंमत कुणालाच मोजावी लागली नाही. चुकीला असंही एक घर असू शकतं, हे बाबांना आठवड्यातून एकदा पाहायला मिळायचं. मला वाटतं ते टोपी काढायचे ते त्यासाठी.

पुढे दिवस कठीण आले. २००६ मध्ये केंद्रानं विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात वर्धा होता. ते का जाहीर करावं लागलं हे सगळ्यांना माहीत आहे. त्या वर्षांत आमच्या गल्लीतही एक घर बसलं. गेलेला माणूस बाबांच्या बरोबरीचा होता, खिडकीसमोर जुवाला टेकून बसणाऱ्यांपैकी. तेराव्यानंतर कित्येक संध्याकाळी बाबा ओट्यावर नुसते बसून असायचे. मामा सेलूहून सायकलवर यायचा, शेजारी बसायचा, तोही गप्प. एका संध्याकाळी मामानं काही न विचारता, काही न सांगता, जुन्या एका भागाची गोष्ट सुरू केली. सगळे आवाज काढून. त्यात त्या गेलेल्या माणसाचं हसूही काढलं, तो जसा नाकातून हसायचा तसं. मी दाराआड थबकले, मला वाटलं बाबा उठून जातील. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ते रडत होते की हसत होते हे पाठमोरं कळलं नाही, खांदे मात्र हलत होते.

बाबा २००९ मध्ये गेले.

अजूनही पाहता का? केव्हा?

रोज नाही. झोप येत नाही अशा रात्री. परीक्षेचे पेपर तपासून डोकं जड झालं की. आणि दवाखान्यात.

२०१८ च्या हिवाळ्यात आईचं मोठं ऑपरेशन झालं. मी अकरा रात्री तिच्याजवळ होते. वॉर्डात रात्री दिवे मंद करायचे, पण झोप कुणालाच नसायची. तिसऱ्या की चौथ्या रात्री मी मोबाइलवर एक भाग लावला. इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. किशोर कुमारांचा आवाज आला तसा तिचा हात पांघरुणाबाहेर आला आणि माझ्या मनगटावर बसला. नेट मंद होतं, चित्र अडकलं, चौकोन चौकोन झाले. औषधाच्या गुंगीत, डोळे मिटलेलेच, ती म्हणाली, “भाऊले सांग, जरासं डाव्या अंगाले.”

मी मामाला त्या क्षणी फोन केला. रात्रीचा एक वाजला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तिले सांग, फिरवलं म्हनावं.”

मी सांगितलं. ती झोपली.

आजच्या मुलांना आवडेल का?

लगेच नाही आवडणार. वेग कमी आहे, तीच खोली पुन्हा पुन्हा दिसते, चित्र जुनाट आहे. माझ्या भाचीनं पहिला भाग चार मिनिटांत बंद केला होता. माझं म्हणणं, एकट्यानं मोबाइलवर दाखवूच नका. दिवाळीत घर भरलेलं असताना टीव्हीवर लावा, मोठ्यांना शेजारी बसवा, आणि मुलांना एकच काम द्या: प्रत्येक भागात सतीश शहा ओळखायचे. डोळ्यांवरून. आजीची युक्ती अजून चालते. भाचीनं सात भाग एका दमात पाहिले.

शफी इनामदारांबद्दल कुणी बोलत नाही, असं का?

कारण ते समोरच्याला हसू मिळवून देणारे नट होते. बाकीचे धमाल करायचे, ते वैतागायचे. तो वैताग खरा नसता तर बाकी कशालाच हसू आलं नसतं. मूळचे दापोलीकडचे, मराठी मातीतले. १३ मार्च १९९६ ला गेले, भारत-श्रीलंका विश्वचषक उपांत्य सामन्याच्याच दिवशी. सामना हरल्याच्या दुःखात ती बातमी आमच्या गावात दुसऱ्या दिवशी पोचली. बाबा म्हणाले, “आपला रणजित गेला.”

कुठे पाहायला मिळेल?

इंटरनेटवर जुने भाग सापडतात. मालिकेचं नाव देवनागरीत टाकून शोधा. चित्र धूसर असेल. आम्हाला ते तसंच ओळखीचं वाटतं.

गुरुजींची खिडकी आहे का अजून?

घर आहे, खिडकी बुजवली. गुरुजींच्या मुलानं तिथे स्लॅबचं बांधकाम केलं. आमच्या माडीवरचा बांबू कुजून गेला, पण तो बांधायची लोखंडी कडी भिंतीत अजून आहे. आई तिला वाळवणाची दोरी बांधते.

सतीश शहा गेले तेव्हा तुमच्या घरी काय झालं?

२५ ऑक्टोबर २०२५. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. मी माहेरीच होते आणि मामाही बहिणीकडे राहिलेला. दुपारी टीव्हीवर बातमी आली. त्यांची वेगवेगळ्या रूपांतली छायाचित्रं एकामागून एक दाखवत होते. मामा उभा राहिला आणि त्यानं आवाज बंद केला. आम्ही तिघं नुसती चित्रं पाहत बसलो.

बऱ्याच वेळानं आई म्हणाली, “मायची पायली राह्यली नं गा.”

आजी जाऊन तेव्हा कित्येक वर्षं झाली होती. आईच्या सासूचं ते देणं आईनं लक्षात ठेवलं होतं, मी विसरले होते.

आमच्या वावरात आता ज्वारी नाही. सोयाबीन आलं आणि ज्वारी गेली, बहुतेकांची तशीच गेली. दुसऱ्या दिवशी मामा सेलूच्या बाजारातून ज्वारी घेऊन आला. आईनं माळ्यावरून आजीची पितळी पायली काढली, चिंचेनं घासली आणि शिगोशीग भरून मोजली. वर आणखी एक मूठ टाकली, कारण आजी टाकायची. द्यायची कुणाला, हा प्रश्न होता. बहुरूपी आमच्या गावात फार वर्षांत आलेला नाही. गेल्या वर्षी आठवडी बाजारात एक जण दिसला होता म्हणतात, पोलिसाच्या कपड्यांत, मोटारसायकलवर. मामानं बाजारातल्या चहावाल्याला सांगून ठेवलं आहे, की दिसला तर घराचा पत्ता द्या, आणि सांगा सोंग घेतलं नाही तरी चालेल.

तोवर ज्वारी देवघराशेजारच्या डब्यात आहे. कीड लागू नये म्हणून आईनं त्यात कडुनिंबाचा पाला घातला आहे, आणि दर शुक्रवारी ती डब्याला ऊन दाखवते.